फ्रेंच-कॅनडियन पूर्वज शोधताना आडनाव सोडा, जोडपं धरा

17व्या शतकात फ्रान्समधून येऊन सेंट लॉरेन्स नदीकाठी वसलेल्या एखाद्या साध्या शेतकऱ्याची किंवा सैनिकाची वंशावळ आज घरबसल्या लावता येते. नऊ-दहा पिढ्या मागे जाता येतं आणि प्रत्येक पिढीला कागदाचा पुरावा मिळतो. याचं श्रेय कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांना. 1621 पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही नोंदी तिथे ठेवल्या गेल्या, आणि साधारण 1679 पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती होऊ लागल्या. एक चर्चमध्ये राहायची, दुसरी न्यायालयात जमा व्हायची. एक जळली तरी दुसरी उरायची.

कॅनडात आणि अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत सून किंवा जावई फ्रेंच-कॅनडियन आहे, तिथे नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायची इच्छा असते. त्यांनाही, आणि पहिल्यांदाच या शोधात उतरणाऱ्या कुणालाही, अडकायला होतं ते एकाच ठिकाणी. ते आडनाव धरून मागे जातात. इथे आडनाव पिढीगणिक बदलतं, कधी एकाच माणसाच्या हयातीत दोनदा बदलतं. बदलत नाही ते जोडपं. म्हणून नवरा आणि बायको ही दोन नावं एकत्र धरून एका लग्नावरून मागच्या लग्नावर जायचं. पुढचं सगळं याच नियमाभोवती आहे.

सुरुवात

घरातल्या सर्वांत जुन्या माहीत असलेल्या लग्नापासून निघा. साधारण 1940 च्या आधीचं एखादं लग्न सापडलं की काम सोपं होतं, कारण तिथपासून मागच्या वह्यांची छायाचित्रं मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. लग्नाचं गाव, साधारण साल, वराचं नाव, वधूचं माहेरचं नाव एवढं घरच्या कागदांतून काढा. थडग्यावरचा मजकूर, मृत्युलेख, प्रार्थनापुस्तकात ठेवलेली स्मृतिपत्रिका यांतही ही नावं मिळतात.

प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या. मूळ व्यक्ती 1, तिचे वडील 2, आई 3. कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा त्याहून एक जास्त. आडनावं बदलत राहिली तरी क्रमांक हलत नाहीत.

विवाहाची नोंद आधी का

पहिल्या लग्नाच्या नोंदीत वराचे आईवडील आणि वधूचे आईवडील अशी चार नावं असतात, आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासकट. म्हणजे एका पानावर मागची दोन जोडपी हाती लागतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एकच जोडपं मिळतं. प्रौढाच्या दफनाच्या नोंदीत बहुधा आईवडील नसतात आणि वय अंदाजे असतं. सत्तरीच्या माणसाचं वय पाच-सात वर्षांनी चुकलेलं असणं नेहमीचंच, त्यामुळे दफनाच्या वयावरून जन्मसाल पक्कं करू नका.

नोंदीची भाषा ठरीव असते. एकदा सांगाडा डोळ्यांत बसला की फ्रेंच न येणाऱ्यालाही वाचता येते. आधी साल शब्दांत, ‘लाँ मिल सेत साँ’ म्हणजे ‘सतराशे अमुक साली’. मग तीन रविवारी चर्चमध्ये विवाहाची घोषणा झाली की काही घोषणांची माफी मिळाली, ते. मग वराचं नाव, ‘फिस द’ म्हणजे ‘यांचा मुलगा’, वडील, आई, आणि ते कोणत्या पॅरिशचे, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतले. ‘दून पार’ म्हणजे ‘एका बाजूने’ इथे वरपक्ष संपतो. त्यानंतर ‘फीय द’ म्हणजे ‘यांची मुलगी’ करून वधूपक्ष, आणि ‘दोत्र पार’ इथे तोही संपतो. शेवटी साक्षीदार, आणि बहुतेकदा ‘सही करता येत नाही असे सांगितले’ हे वाक्य.

या सांगाड्यात चार शब्दांवर बोट ठेवून थांबा. वडिलांच्या नावाआधी एफ-ई-यू ही तीन अक्षरं असली तर ते लग्नाआधी वारले होते. आईसाठी शेवटी आणखी एक ई लागतो. व्ही-ई-यू-एफ म्हणजे वर विधुर, व्ही-ई-यू-व्ही-ई म्हणजे वधू विधवा. हे दिसलं की समजायचं, इथे आईवडिलांची नावं नसणार, फक्त वारलेल्या जोडीदाराचं नाव असणार. नवशिके इथे हात टेकतात. खरं तर त्या नोंदीनेच पुढची वाट दाखवलेली असते. वारलेल्या जोडीदाराबरोबरचं पहिलं लग्न शोधा, आईवडील तिथे मिळतील.

‘मजर’ आणि ‘मिनर’ म्हणजे सज्ञान आणि अज्ञान. 1783 च्या आधी सज्ञान होण्याचं वय 25 होतं, नंतर 21. त्यामुळे 1750 च्या नोंदीत ‘अज्ञान’ म्हटलेली वधू 23 वर्षांचीही असू शकते.

लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं. वराच्या गावात नोंद नाही म्हणून लग्नच झालं नाही असं धरू नका. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात आणि नाताळच्या आधीच्या आगमनकाळात लग्नं टाळली जात, म्हणून मार्चमध्ये किंवा डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत लग्न दिसलं तर तारीख पुन्हा तपासा.

तारखांमधला एक सापळा हमखास फसवतो. ‘7’ या आकड्यापुढे बी-आर-ई अशी अक्षरं असतील तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि एक्स म्हणजे डिसेंबर. फ्रान्सने 1582 मध्येच नवं (ग्रेगोरियन) पंचांग स्वीकारलं होतं, त्यामुळे इंग्लिश वसाहतींसारखी जुन्या-नव्या तारखांची भानगड इथे नाही.

‘दी’चं प्रकरण

डी-आय-टी अशी अक्षरं, उच्चार ‘दी’, अर्थ ‘म्हणून ओळखला जाणारा’. स्त्रीसाठी पुढे ई लागून ‘दीत’. कुटुंबाच्या मूळ नावाला जोडलेलं हे दुसरं नाव. आपल्याकडे एकाच मूळ घरातून कुणी वतनावरून देशमुख झाला, कुणी गावावरून अमुककर झाला, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तिथे दोन्ही नावं पिढ्यान् पिढ्या एकमेकांसोबत चालत राहिली आणि मग कधीतरी एक गळालं.

ही दुसरी नावं कुठून आली हे कळलं तर शोधाला दिशा मिळते. सैन्यात प्रत्येक शिपायाला एक टोपणनाव असायचं. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बेफिकीर, जोलिकर म्हणजे गोड मनाचा, लाव्हिओलेत, लातुलिप. 1665 मध्ये कारिन्यां-सालिएर पलटण न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतीत, उतरली. सुमारे 1,200 सैनिकांपैकी 400 च्या आसपास तिथेच राहिले. पुढे नौदल खात्याच्या तुकड्यांतूनही अशी नावं येत राहिली. म्हणून लाफ्लर छापाचं नाव दिसलं की मूळ पुरुष शिपाई असण्याची शक्यता धरायची. काही नावं मुलखावरून पडली: लांजव्हँ म्हणजे आंजूचा, पिकार म्हणजे पिकार्दीचा, पुआतव्हँ म्हणजे पुआतूचा. ही नावं फ्रान्समधला प्रांत आयता सांगतात, पण पडताळल्याशिवाय लिहू नका. काही नावं जमिनीच्या तुकड्यावरून आली, तर काहींमध्ये बापाचं पहिलं नावच मुलांचं आडनाव झालं.

एक घराणं जवळून पाहू. बातिस्काँ इथे निकोला रिवार दी लाव्हीन्य आणि रोबेर रिवार दी लोरांजे हे दोन भाऊ वसले. त्यांच्या वंशजांत आज रिवार आहेत, लाव्हीन्य आहेत, लोरांजे आहेत, आणि लानुएत, लाकूर्सिएर, द्युफ्रेन, बेलफय, फयव्हेर्त हेही आहेत. सोरेलच्या पॉल ह्यूचंही तसंच: त्याच्या वंशात कूर्नुआये, लात्राव्हेर्स, पॉल-ह्यू, कापिस्त्राँ अशी आडनावं झाली. भावाभावांनी वेगवेगळी नावं घेतली. एकच मुलगी बाप्तिस्म्याला लाव्हीन्य, लग्नात रिवार आणि मुलाच्या नोंदीत पुन्हा लाव्हीन्य असू शकते.

यातून दोन चुका होतात. पहिली, माग संपला असं वाटतं. लानुएत हे नाव मागे जाता जाता एका लग्नापाशी थांबतं, कारण त्याआधीच्या वहीत ते कुटुंब रिवार म्हणून बसलेलं असतं. अशा वेळी आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. नवऱ्याचं पहिलं नाव, बायकोचं पूर्ण नाव, पॅरिश आणि दहा वर्षांचा पट्टा टाकून शोधा. बायकोचं नाव सहसा फसवत नाही, आणि तेही दुहेरी असलं तर मुलांची नावं टाकून जोडपं ओळखता येतं.

दुसरी चूक जास्त महाग पडते. एकच ‘दी’नाव एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या घराण्यांना असतं. लाफ्लर हे नाव तर डझनांवारी कुटुंबांना जोडलेलं आहे. दोन लाफ्लर एकाच पॅरिशमध्ये दिसले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. लोकांनी एकमेकांचं पाहून उतरवलेल्या ऑनलाइन वंशवृक्षांत ही सरमिसळ फार आहे. तिथून धागा घ्या, पुरावा वहीतूनच घ्या.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दी’ची पद्धत विरत गेली आणि प्रत्येक शाखेकडे एकच नाव उरलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्यांची नावं इंग्रजी झाली. बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले, लब्लाँचे व्हाइट, रुआचे किंग. आणि उलटही घडलं: 1704 मध्ये मॅसॅच्युसेट्समधून पकडून नेलेल्या मॅथायस फार्न्सवर्थचं नाव फ्रेंच तोंडात फानफ झालं, आणि आजचे फानफ त्याचे वंशज आहेत. त्यामुळे शुद्ध फ्रेंच वाटणाऱ्या आडनावाचा मूळ पुरुष इंग्रजही निघू शकतो.

शुद्धलेखनाकडे कानाने पाहा. पाद्री ऐकून लिहायचा आणि घरातल्यांना लिहिता येत नसायचं. शेवटचा ‘ओ’ हा एकच उच्चार ई-ए-यू, ए-यू, ए-यू-एल-टी, ए-यू-डी अशा कितीतरी प्रकारे लिहिलेला दिसतो. सुरुवातीचा एच मूक असल्याने गळतो. ‘ला’ आणि ‘द’ कधी सुटे, कधी जोडलेले, म्हणून अनुक्रमणिकेत एल आणि डी या दोन्हीखाली पाहा. शोधताना शेवटच्या अक्षरांच्या जागी तारकाचिन्ह वापरा.

पहिली नावं

बायकांबद्दलची गोष्ट आधी, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे. न्यू फ्रान्समध्ये स्त्री जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच आडनावाने नोंदली जायची. म्हातारीचं दफन नवऱ्याच्या आडनावाखाली शोधाल तर सापडणार नाही. नोंद ‘अमुक माहेरनाव, तमुकची विधवा’ अशी असते. फ्रेंच-कॅनडियन शोधातलं हे सर्वांत मोठं वरदान आहे. बाईचा वंश पुरुषाच्या वंशाइतकाच सहज मागे नेता येतो, म्हणून आईकडची ओळ मागे नेण्याचं काम पुढे ढकलू नका.

बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायचा. नाव संताचं असावं असा क्युबेकच्या बिशपांच्या 1703 च्या विधिग्रंथाचा दंडक होता, आणि ते बहुधा धर्मपिता किंवा धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे दोघे) द्यायची. मूळ नोंदीत ‘पारँ’ आणि ‘मारेन’ म्हणून त्यांची नावं असतात. ती उतरवून घ्याच, कारण हे लोक बहुधा मामा, आत्या, आजोबा असतात. दोन समान नावांच्या चुलत भावांत गोंधळ झाला की तो तिथेच सुटतो.

पुढच्या काळात, विशेषतः 19व्या शतकापासून, जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोझेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लागू लागलं. मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी हाक मारायचं नाव. म्हणून एकाच घरात पाच जोझेफ दिसले तर शेवटचं नाव पाहा. वसाहतकाळात मात्र एक किंवा दोनच नावं सापडतात. एलिझाबेथ आणि इझाबेल ही एकाच बाईची नावं म्हणून बदलून येतात. जाँ-बातीस्तचा नुसता बातीस्त होतो.

मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. त्यामुळे 1712 चा पिएर सापडला की लगेच आपला पूर्वज समजू नका. त्याचं दफन 1713 मध्ये झालेलं नाही ना, आणि 1714 मध्ये दुसरा पिएर जन्मला नाही ना, ते पाहा. यासाठी जोडप्याच्या सगळ्या मुलांची यादी करणं हाच उपाय. मुलं साधारण दोन वर्षांच्या अंतराने होत. मध्ये तीन-चार वर्षांची फट दिसली तर शेजारच्या पॅरिशच्या वह्या उघडा. घाईत सुइणीने घरीच बाप्तिस्मा दिलेलं आणि त्यातच गेलेलं मूल फक्त दफनाच्या नोंदीत दिसतं.

कुठे पाहायचं

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्युबेकच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं मोफत आहेत. ती बहुतांश चर्चच्या प्रतीची. द्रुएँ संग्रह हा न्यायालयाच्या प्रतीचा, 1940 च्या दशकात सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेतलेला. तो अँसेस्ट्री आणि जीनिऑलॉजी क्युबेक या संकेतस्थळांवर पैसे भरून पाहता येतो. दोन प्रती म्हणजे नकलेतल्या चुकाही दोन तऱ्हेच्या. अक्षर पुसट किंवा नाव विचित्र वाटलं तर दुसरी प्रत जरूर काढा.

माँट्रियल विद्यापीठाचा ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्प 1966 मध्ये सुरू झाला. त्यात 1621 पासूनच्या नोंदींवरून प्रत्येक जोडप्याचं कुटुंब जुळवून ठेवलंय आणि ‘दी’नावं एकमेकांशी जोडलेली आहेत. आडनाव सटकलं की पहिला आधार हाच. सिप्रियें ताँगे यांचा सात खंडांचा कुटुंबकोश 1871 ते 1890 दरम्यान निघाला. तो पायाभूत आहे, पण त्यात चुका पुष्कळ आहेत, म्हणून केवळ त्यावर कोणतंही नातं पक्कं धरू नये.

1666, 1667 आणि 1681 या तीन शिरगणत्यांत माणसांची नावं आहेत. 1666 मध्ये 3,215 वसाहतवाले मोजले गेले. वयं ढोबळ आहेत, पण शेजारी कोण होतं हे कळतं, आणि 1667 व 1681 मध्ये लागवडीची जमीन आणि गुरंही मिळतात. क्युबेक शहरातली 1640 पूर्वीची मूळ वही त्या वर्षीच्या जूनमधल्या आगीत जळाली. ती नंतर आठवणीने पुन्हा लिहिली गेली, म्हणून त्या काळातल्या फटींवरून निष्कर्ष काढू नका.

नोटरीचे दस्त

वह्यांवर थांबणारे अर्धंच काम करतात, असं आमचं ठाम मत आहे. न्यू फ्रान्समध्ये पॅरिसचा कायदा चालायचा आणि गरीब शेतकरीही नोटरीकडे, म्हणजे करार आणि दस्त लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचा. लग्नाआधी काही दिवस विवाह करार होई, त्यात आईवडील, भावंडं, काका-मामा हजर असत आणि त्यांचं नातं लिहिलं जाई. 1663 ते 1673 दरम्यान राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे 770 ‘राजकन्यां’पैकी अनेकींच्या करारात राजाने दिलेले 50 लिव्हर (त्या काळचं फ्रेंच चलन) नमूद आहेत. या मुली राजघराण्यातल्या नव्हत्या. अनाथ किंवा गरीब मुली, राजाच्या आश्रयाने आलेल्या, एवढाच त्या नावाचा अर्थ. करार झाला म्हणजे लग्न झालंच असं नाही. काही करार रद्द झाले आणि मुलीने दुसऱ्याशी लग्न केलं, म्हणून वहीतली नोंद मिळेपर्यंत थांबा.

माणूस वारल्यावर घरातल्या भांड्याकुंड्यांपासून गुरांपर्यंत यादी व्हायची, आणि त्यात हयात मुलं वयानुसार लिहिलेली असायची. अज्ञान मुलांचा पालक नेमताना नातेवाइकांची बैठक भरे, तिचाही कागद असतो. वही हरवलेल्या पॅरिशमध्ये हेच दस्त वंश सिद्ध करतात. क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने अनेक नोटरींचे दप्तर ऑनलाइन ठेवलंय. नोटरीचं नाव आणि तारीख आधी सूचीतून काढा, मग त्याच्या दप्तरात तारखेने उतरा.

नात्याची परवानगी

जवळच्या नात्यात लग्न असेल तर चर्चची सूट लागायची आणि ती विवाहनोंदीत लिहिली जायची. नातं पायऱ्यांत मोजलं जायचं: दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. ‘तिसरी ते चौथी’ म्हणजे एकाचा पणजोबा तोच दुसऱ्याचा खापरपणजोबा. तुमचं काम तपासायला याहून चांगली कसोटी नाही. नोंद चौथी पायरी सांगते आणि तुमच्या दोन्ही वंशावळींत तिथे समान जोडपं येत नसेल, तर कुठेतरी एक दुवा चुकला आहे. नवरा-बायकोकडच्या सोळा-सोळा खापरपणजोबा-पणजींची नावं समोरासमोर मांडा, चूक सापडते.

समुद्रापलीकडे

पहिल्या पुरुषाच्या कॅनडातल्या विवाहनोंदीत फ्रान्समधली पॅरिश आणि बिशपक्षेत्र लिहिलेलं असतं. हे क्षेत्र आजच्या जिल्ह्याशी जुळत नाही, कारण फ्रान्सचे जिल्हे 1790 मध्ये आखले गेले. आधी फिशिए ओरिजिन हा मोफत संग्रह पाहा. फ्रान्समध्ये मूळ नोंद सापडलेल्या स्थलांतरितांची नावं तिथे आहेत. नसेल तर त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वह्यांची छायाचित्रं चाळावी लागतात, आणि ती बहुतेक ठिकाणी मोफत आहेत. फ्रान्समध्ये ‘दी’नाव शोधू नका. शिपायाचं टोपणनाव त्याच्या बाप्तिस्म्याच्या वहीत नसतं, तिथे फक्त घराण्याचं मूळ नाव असतं.

पूर्वज अकादियाचे, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूचे असतील तर वाट वेगळी आहे. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना हाकललं आणि पुष्कळ वह्या नष्ट झाल्या. पोर्ट-रॉयलच्या 1702 ते 1755 च्या वह्या वाचल्या आणि नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने त्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी शिरगणत्या आणि क्युबेकमध्ये आश्रय घेतल्यानंतरची लग्नं यांवर भिस्त ठेवावी लागते. त्या लग्नांत कधी कधी नात्याची सूट नमूद असते, आणि हरवलेल्या पिढीचा दुवा तिथून मिळू शकतो.